स्वमग्नता, लिंगभाव आणि कुटुंबाचा आधार

बालरोगतज्ज्ञाकडे येणारी मुले एक दिवस मोठी होतात, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत फारशी लिहिलेली नसते. तीन वर्षांचे मूल बोलत नाही म्हणून आईवडील त्याला घेऊन येतात. स्वमग्नतेचे म्हणजे ऑटिझमचे निदान होते, स्पीच थेरपी सुरू होते, शाळेच्या अडचणी येतात आणि सुटतात. वीस-बावीस वर्षांनी तेच आईवडील पुन्हा त्याच डॉक्टरच्या दारात उभे राहतात, कारण त्या मुलाला लहानपणापासून ओळखणारा दुसरा कोणी डॉक्टर नसतो. या वेळचा प्रश्न बहुधा शिक्षणाचा, नोकरीचा किंवा लग्नाचा असतो. अलीकडे त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. मुलगा म्हणून वाढवलेली व्यक्ती सांगते की, मी मुलगी आहे. मुलगी म्हणून वाढवलेली व्यक्ती सांगते की, ही ओळख माझी नाही. दोहोंपैकी कोणतीच ओळख आपली वाटत नाही, असेही कोणी सांगते. त्यावर आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘डॉक्टर, हे ऑटिझममुळेच होत असेल ना?’’

या एका प्रश्नाचे नीट उत्तर देता यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. उत्तर चुकले तर त्या घरातले एक माणूस कायमचे दुरावू शकते, प्रसंगी जिवासही मुकू शकते. म्हणून हा विषय केवळ मनोविकारतज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही. आपल्या स्मरणिकेचे वाचक डॉक्टर आहेत, तसेच त्यांचे कुटुंबीय आणि स्नेहीही आहेत. त्यामुळे शक्य तितक्या सोप्या शब्दांत हा विषय मांडत आहे.

काही संज्ञा

बाळ जन्मले की शरीर पाहून आपण जन्मनोंदीत ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असे लिहितो. हे झाले शारीरिक लिंग. व्यक्तीला स्वतःविषयी आतून जी जाणीव असते, तिला लिंगभाव म्हणतात. बहुसंख्य लोकांत या दोन गोष्टी जुळतात, म्हणून दुसरी गोष्ट अस्तित्वात आहे हे त्यांच्या ध्यानीही येत नाही. ज्यांच्या बाबतीत त्या जुळत नाहीत, त्यांना आपण पारलिंगी म्हणतो. कोणाविषयी आकर्षण वाटते हा लैंगिक कलाचा विषय असून तो लिंगभावापासून वेगळा आहे. या दोहोंची गल्लत डॉक्टरांकडूनही वारंवार होते.

वैद्यकशास्त्राची भूमिका गेल्या काही वर्षांत बदलली आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या डीएसएम-५ या वर्गीकरणात ‘जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर’ ही संज्ञा काढून ‘जेंडर डिस्फोरिया’ ही संज्ञा स्वीकारली. ओळख हा आजार राहिला नाही. विसंगतीतून होणारा क्लेश तेवढा उपचाराचा विषय ठरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये तर हा विषय मनोविकारांच्या प्रकरणातून बाहेर काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवण्यात आला.

दुसरी संज्ञा ‘न्यूरोडायव्हर्जंट’. ज्यांच्या मेंदूची घडण आणि विचार करण्याची रीत बहुसंख्यांपेक्षा वेगळी आहे, अशा व्यक्तींसाठी ती वापरली जाते. स्वमग्नता, एडीएचडी, डिस्लेक्सिया या अवस्था तीत येतात. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये आणि हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ मध्ये स्वमग्नतेची वर्णने प्रसिद्ध केली. दोहोंचा विषय मुले हाच होता. त्यामुळे स्वमग्नता हा बालपणाचा विकार आहे असा समज रूढ झाला. वास्तविक स्वमग्न मूल मोठे होऊन स्वमग्न प्रौढच होते. त्यांच्यापैकी अनेक जण शिकतात, कमावतात आणि घर चालवतात. कित्येकांचे निदान तर तिशी-चाळिशीत, स्वतःच्या मुलाच्या तपासणीच्या निमित्ताने होते.

स्वमग्न व्यक्तीला दुसऱ्याचे मन कळत नाही, हे आपण विद्यार्थिदशेत शिकलो. ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी २०१२ मध्ये याला एक महत्त्वाची पुस्ती जोडली : न समजणे हे दोन्ही बाजूंनी असते. स्वमग्न माणसाला इतरांचे मन वाचता येत नाही, तसे इतरांनाही स्वमग्न माणसाचे मन वाचता येत नाही. समुपदेशनाच्या खोलीत बसताना हे वाक्य डॉक्टरने सतत स्मरणात ठेवावे.

दोहोंचा संबंध किती?

अ‍ॅम्स्टरडॅमच्या लिंगभाव-चिकित्सालयात आलेल्या मुलांचा व किशोरांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात स्वमग्नतेचे प्रमाण ७.८ टक्के आढळले. हे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येतील प्रमाणाच्या कित्येक पट होते. २०२० मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात सहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारलेला अभ्यास आला. पारलिंगी आणि लिंगभावदृष्ट्या वेगळ्या व्यक्तींमध्ये स्वमग्नता असण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट ते सहापट असल्याचे त्यात दिसले.

या आकड्यांचा अर्थ मर्यादेतच घ्यावा. बहुसंख्य स्वमग्न व्यक्ती पारलिंगी नसतात आणि बहुसंख्य पारलिंगी व्यक्ती स्वमग्न नसतात. मात्र दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत येणे दुर्मीळ नाही, इतके निश्चित म्हणता येते. एकीचे निदान झाले असता दुसरीविषयी मोकळ्या मनाने विचारावे, हा त्यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष आहे.

‘ऑटिझममुळेच’ या उत्तरातला दोष

एखाद्या स्वमग्न तरुणाने उजव्या बाजूला पोट दुखते असे सांगितले, तर ‘हे ऑटिझममुळे’ असे म्हणून आपण अपेंडिक्स तपासायचे सोडून देत नाही. सोडले तर तो निष्काळजीपणा ठरेल. एका जुन्या निदानाची सावली पडून नवी तक्रार झाकली जाणे हा धोका आपल्याला चांगला परिचयाचा आहे. लिंगभावाच्या बाबतीत मात्र तीच चूक आपण शांतपणे करतो. स्वमग्न माणसाची कमाई, त्याचे गणित, त्याची स्मरणशक्ती आपण खरी मानतो. मात्र ‘मी कोण आहे’ हे त्याचे सांगणे तेवढे लक्षण म्हणून बाजूला ठेवतो.

दुसरे अनुमान ‘नादा’चे असते. स्वमग्न व्यक्तींना एखाद्या विषयाचा तीव्र ध्यास लागतो. कोणाला रेल्वेच्या वेळापत्रकाचा, कोणाला नकाशांचा. हाही तसाच एक ध्यास असेल आणि ओसरेल, असे घरच्यांना वाटते. ही शंका अगदीच अनाठायी नाही, ती तपासून पाहावी. ध्यासाच्या विषयात माणूस रमतो, त्यातून त्याला आनंद मिळतो, आणि विषय बदलला तरी त्याचे ‘मीपण’ अबाधित राहते. लिंगभावाच्या विसंगतीत आनंदापेक्षा घुसमट अधिक असते. ती वर्षानुवर्षे टिकते, आणि योग्य नावाने हाक मारली गेली की कमी होते. हा फरक एका भेटीत कळत नाही. त्यासाठी वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ अविश्वासाचा नसावा.

तिसरी बाब संवेदनांची. स्वमग्न व्यक्तींची त्वचा, कान, नाक अनेकदा अतिसंवेदनशील असतात. साडीचा काठ टोचतो, घट्ट अंतर्वस्त्र सहन होत नाही, बांगड्यांचा आवाज डोक्यात जातो, पाळीच्या दिवसांतला ओलेपणा असह्य होतो. एखाद्या तरुणीला हे सारे नकोसे वाटले म्हणजे तिला स्त्री असणेच नकोसे आहे, असे होत नाही. उलट, दोन्ही गोष्टी एकत्रही असू शकतात. म्हणून प्रश्न नेमका विचारावा : ‘कापड मऊ असते, शिवण टोचत नसती, तर हा पोशाख चालला असता का?’ ‘हो’ असे उत्तर आले तर प्रश्न बहुतांशी कापडाचा आहे. ‘तरीही ते माझे कपडे नव्हेत’ असे उत्तर आले तर पुढे ऐकावे.

इतिहासातला एक धडा

स्वमग्न मुलांच्या वर्तनोपचारांत इव्हार लोव्हास यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. हव्या त्या वर्तनाला बक्षीस आणि नको त्या वर्तनाला नकार या तत्त्वावर त्यांची पद्धत उभी होती. याच लोव्हास यांनी जॉर्ज रेकर्स यांच्यासमवेत १९७४ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. जेमतेम पाच वर्षांचा एक मुलगा मुलींसारखा वागतो, म्हणून त्याचे वर्तन ‘सुधारल्या’ची ती हकीकत होती. तो बाहुल्यांशी खेळू लागला की आईने लक्ष काढून घ्यायचे. मुलग्यांच्या खेळण्यांशी खेळला की कौतुक करायचे. घरी निळ्या आणि लाल चकत्यांची पद्धत लावली होती. निळ्यांवर बक्षीस मिळे. लाल चकत्यांच्या परिणामांत वडिलांच्या हातचा मारही होता. निबंधात उपचार यशस्वी झाल्याचे नोंदले गेले. तो मुलगा पुढे समलिंगी पुरुष म्हणून जगला आणि २००३ मध्ये त्याने आत्महत्या केली, असे त्याच्या कुटुंबीयांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. ज्या नियतकालिकाने तो निबंध छापला होता, त्यानेच २०२० मध्ये त्याविषयी चिंता व्यक्त करणारे निवेदन प्रसिद्ध केले.

एका माणसाच्या मृत्यूचे कारण एकच असते असे डॉक्टरने म्हणू नये. मात्र या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. बाहेरचे वर्तन बदलले म्हणजे आतला माणूस बदलला, असे होत नाही. तो लपायला तेवढा शिकतो. स्वमग्न व्यक्ती हे लपणे आधीच शिकलेली असते. डोळ्यांत बघ, हात हलवू नकोस, सगळे हसले की तूही हास, अशा सूचनांवर ती वाढलेली असते. त्यावर लिंगभाव लपवण्याचे ओझे चढले की ते दुहेरी होते. नव्याने अ‍ॅस्पर्गर सिंड्रोमचे निदान झालेल्या ३७४ प्रौढांचा एक ब्रिटिश अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी ६६ टक्के व्यक्तींनी आयुष्यात केव्हातरी आत्महत्येचे विचार आल्याचे सांगितले, तर ३५ टक्के व्यक्तींनी तशी योजना किंवा प्रयत्न केल्याचे सांगितले. हे आकडे वाचल्यावर ‘नंतर बघू’ असे म्हणणे डॉक्टरला शोभत नाही.

स्वीकारशील समुपदेशन म्हणजे काय?

इंग्रजीतील ‘अफर्मेटिव्ह काउन्सेलिंग’ या शब्दप्रयोगाला मी ‘स्वीकारशील समुपदेशन’ असे म्हणतो आहे. त्याविषयी दोन टोकांचे गैरसमज आहेत. रुग्ण म्हणेल त्याला मान डोलावून लगेच औषधाची चिठ्ठी देणे, असा एक; आणि मुलांना बिघडवण्याची ही नवी रीत आहे, असा दुसरा. प्रत्यक्षात त्यात तीन गोष्टी येतात. व्यक्तीचे स्वतःविषयीचे सांगणे हा संभाषणाचा आरंभबिंदू मानायचा. तिला कोणत्याही ठरावीक मुक्कामाकडे ढकलायचे नाही, ना पुढे ना मागे. आणि तिच्या क्लेशाची, सुरक्षिततेची व निर्णयाची काळजी एकाच वेळी घ्यायची. काही जणांना फक्त नाव बदलून हवे असते, काहींना पोशाख. काहींना हार्मोन किंवा शस्त्रक्रिया हवी असते, तर काहींना केवळ कोणाशी तरी बोलायचे असते.

अल्पवयीन मुलांना औषधे केव्हा द्यावीत, याविषयी जगभर गंभीर वाद आहे. ब्रिटनमधील कॅस समितीच्या एप्रिल २०२४ च्या अहवालाने त्याबाबतचा पुरावा कमकुवत असल्याचे सांगून सावधगिरीची आणि सर्वांगीण तपासणीची शिफारस केली. मुलांची स्वमग्नतेसाठीही तपासणी व्हावी, असे त्यात म्हटले आहे. हा लेख प्रौढांविषयी आहे, म्हणून त्या वादात येथे शिरत नाही. एवढेच म्हणतो की, औषधाविषयी सावध राहता येते आणि त्याच वेळी माणसाशी आदराने वागताही येते. आदर देण्यासाठी कोणत्याही तपासणीचा अहवाल यायची वाट पाहावी लागत नाही.

स्वमग्न प्रौढांशी बोलताना पद्धतीत काही बदल करावे लागतात. प्रखर दिवा आणि पंख्याचा आवाज कमी करावा. भेटीत काय विचारले जाईल हे आधी लिहून कळवावे. ‘कसं वाटतं?’ हा प्रश्न फार मोघम आहे. त्याऐवजी ‘गेल्या आठवड्यात कोणत्या वेळी सर्वांत जास्त त्रास झाला?’ असे विचारावे. उत्तरासाठी शांतपणे थांबावे. बोलण्यापेक्षा लिहून सांगणे सोपे जात असेल तर कागद द्यावा. सपाट आवाजात, चेहऱ्यावर काही न दाखवता सांगितलेले दुःख खोटे मानू नये. भावना चेहऱ्यावर न उमटणे हा त्यांच्या घडणीचा भाग आहे. आणि आत्महत्येविषयी थेट शब्दांत विचारावे. सूचक बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

मराठी क्रियापदाचे ओझे

परदेशी पुस्तकांत न सापडणारी एक गोष्ट आपल्या भाषेने या प्रश्नात घातली आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला स्वतःविषयी बोलताना लिंग सांगावे लागत नाही. मराठीत ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’, ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ यांतून निवड करावीच लागते. सकाळी उठल्यापासून दिवसभरात शेकडो वेळा माणूस स्वतःचे लिंग उच्चारत असतो. ज्याला ते उच्चारणे खोटे वाटते, त्याच्यासाठी साधे संभाषणही कष्टाचे होते. स्वमग्न व्यक्ती शब्दांच्या बाबतीत काटेकोर असतात, त्यामुळे ‘एका मात्रेने काय होतं?’ हा युक्तिवाद त्यांना पटत नाही.

मग काही जण आडवाटा शोधतात. ‘मी जाते’ऐवजी ‘मला जायचं आहे’, ‘मी जेवलो’ऐवजी ‘माझं जेवण झालं’, ‘येते’ऐवजी ‘येईन’. भविष्यकाळात आणि ‘मला’ने सुरू होणाऱ्या वाक्यात लिंग लपते. आपल्या बेळगाव भागात आणखी एक वाट आहे. कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नाही. घरात मराठीत गप्प बसणारे मूल बाहेर कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत मोकळे बोलत असेल, तर त्यामागे हेही कारण असू शकते. अर्थात एकट्या क्रियापदावरून निदान करू नये. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात कित्येक घरांतल्या बायका सहजपणे ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, आणि त्यात लिंगभावाचा प्रश्न मुळीच नसतो. पुण्या-मुंबईच्या समुपदेशकाला हे सांगावे लागेल.

या भाषेने घरच्यांनाही मार्ग दिलेला आहे. ‘मूल’, ‘लेकरू’, ‘बाळ’ हे आपले सर्वांत मायेचे शब्द नपुंसकलिंगी आहेत. नवे नाव, नवे क्रियापद जिभेवर बसेपर्यंत ‘जेवलास का’ किंवा ‘जेवलीस का’ असे न म्हणता ‘जेवण झालं का रे बाळा’ यातला ‘रे’ तेवढा गाळला, तरी पुष्कळ साधते.

कुटुंब काय करू शकते?

कुटुंबाच्या वागण्याचा परिणाम मोजलेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील कॅटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००९ मध्ये ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या आमच्याच विषयाच्या नियतकालिकात आला. तो समलिंगी व उभयलिंगी आकर्षण असलेल्या २१ ते २५ वर्षांच्या तरुणांविषयी होता. ज्यांना पौगंडावस्थेत घरातून तीव्र नकार मिळाला होता, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता नकार न मिळालेल्यांच्या ८.४ पट आढळली. २०१८ मध्ये १२९ पारलिंगी तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घर, शाळा, काम आणि मित्रमंडळ या चार ठिकाणांपैकी आणखी एका ठिकाणी निवडलेल्या नावाने हाक मारली जाऊ लागली, की आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी आणि तशी कृती ५६ टक्क्यांनी कमी आढळत होती. हे अभ्यास अमेरिकेतले आहेत, आणि सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे हे आपण जाणतो. तरीही नावाने हाक मारण्याइतका स्वस्त आणि दुष्परिणामरहित उपाय आपल्या औषधपेटीत दुसरा कोणता आहे?

आईवडिलांना धक्का बसतो, आणि तो त्यांचा हक्क आहे. ज्यांनी वीस वर्षे मुलाच्या प्रत्येक शब्दासाठी, प्रत्येक इयत्तेसाठी झुंज दिली, त्यांना ‘आता हेही?’ असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यांनाही समुपदेशनाची गरज असते, आणि ते स्वतंत्र भेटीत व्हावे. मुलासमोर रडून घेतले तर ते मूल स्वतःला अपराधी मानू लागते. ‘आमच्या संस्कारांत काय कमी पडलं?’ या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरने स्पष्ट द्यावे : संगोपनातील दोषामुळे लिंगभाव घडतो वा बिघडतो, असे मानायला आधार नाही. स्वमग्नतेच्या बाबतीतही एके काळी आईच्या ‘थंडपणा’ला दोष दिला जात असे. तो सिद्धांत आपण मोडीत काढला. तोच दोष नव्या नावाने पुन्हा आईच्या माथी मारू नये.

रोजच्या व्यवहारात काही गोष्टी करता येतात. बदल एकाच वेळी सर्वांना सांगण्याची घाई करू नये; कोणाला, केव्हा, किती सांगायचे हे त्या व्यक्तीने ठरवावे. आजी-आजोबांना तात्त्विक चर्चेपेक्षा साधी सूचना पटते : ‘याला आता या नावानं हाक मारायची.’ हळदीकुंकू, भाऊबीज, मुंज, बारसे या आपल्या घरांतल्या समारंभांत स्त्री-पुरुषांच्या जागा आणि मान ठरलेले असतात. तेथे त्या व्यक्तीला कोठे बसायला आवडेल, की त्या दिवशी गर्दी टाळून खोलीत राहणे बरे वाटेल, हे आधी विचारावे. ओवाळणारी बहीण भावाला ‘ताई’ म्हणून ओवाळू लागली, तर सणाचे पावित्र्य कमी होत नाही. लग्न करून दिले की सारे सुरळीत होईल हा सल्ला मात्र कोणीही देऊ नये, कारण त्याने आणखी एका घरातली निरपराध व्यक्ती दुःखात पडते.

आपल्याच जिल्ह्यात सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आहे. पौर्णिमेच्या यात्रेत डोक्यावर जग घेतलेले जोगते आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांतून आणि त्यांवर बेतलेल्या ‘जोगवा’ या २००९ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटातून त्यांचे जिणे मराठी वाचक-प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. जोगती परंपरेतल्या मंजम्मा जोगती यांची २०१९ मध्ये कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षपदी नेमणूक झाली आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे अशी माणसे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. आपण त्यांना देवीच्या डोंगरावर जागा दिली, पाया पडलो, जोगवा घातला. घरात मात्र जागा दिली नाही. आज जे तरुण आपल्यासमोर बसतात, ते देवत्वाची मागणी करत नाहीत. जेवणाच्या पाटावर जशी होती तशीच जागा त्यांना हवी आहे.

कायदा आणि डॉक्टरांचे कर्तव्य

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नाल्सा’ प्रकरणात स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. संसदेने २०१९ मध्ये पारलिंगी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा कायदा केला आणि तो जानेवारी २०२० पासून अमलात आला. प्रमाणपत्राचे नियम बदलू शकतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करून सद्यःस्थिती जाणून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि दिव्यांग व्यक्तीला कायद्यापुढे इतरांप्रमाणेच समान मान्यता असल्याचे तो सांगतो. अठरा वर्षांवरील व्यक्ती केवळ स्वमग्नतेच्या निदानामुळे निर्णयक्षमता गमावत नाही. तिला माहिती सोप्या भाषेत, चित्रांनिशी, पुन्हा पुन्हा द्यावी लागेल, पण निर्णय तिचा राहतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये गोपनीयतेचा हक्क नमूद आहे. म्हणून प्रौढ रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिच्या परवानगीविना वडिलांच्या कानी घालणे, ‘घरचेच तर आहेत’ असे म्हणून क्षम्य ठरत नाही. लहान शहरात, जेथे डॉक्टर आणि रुग्णाचे काका एकाच मंडळाचे सभासद असतात, तेथे हे पथ्य अधिकच कडक पाळावे.

‘बदलून देतो’ असे सांगणाऱ्या उपचारांविषयी कायद्याची आणि व्यवसायाची भूमिका स्पष्ट झाली आहे. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद व्यंकटेश यांनी जून २०२१ मध्ये अशा ‘कन्व्हर्जन थेरपी’ला मनाई करण्याचे निर्देश दिले. या विषयाची आपल्याला पुरेशी समज नाही असे वाटल्याने न्यायमूर्तींनी त्या सुनावणीच्या काळात स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन विषय समजून घेतला होता. शिकण्याची ही तयारी आपल्या व्यवसायानेही घेण्याजोगी आहे. त्याच प्रकरणाच्या अनुषंगाने २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने राज्य वैद्यक परिषदांना कळवले की, असे उपचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन मानले जाईल.

मदतीचे मार्गही आहेत. मुंबईची मरीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था समुपदेशकांसाठी या विषयाचे प्रशिक्षण घेत आली आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि लैंगिकता व लिंगभाव या विषयांवर मराठीत लेखन केले. ‘स्वीकार’ हा पालकांचा गट २०१७ मध्ये सुरू झाला. डॉक्टरने समजावण्यापेक्षा दुसऱ्या आईने सांगितलेले आईला लवकर पटते. तातडीच्या प्रसंगी केंद्र सरकारची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा उपयोगी पडते.

आपल्या मंडळाच्या सभासदांना काही सूचना कराव्याशा वाटतात. केसपेपरवर नावाच्या शेजारी ‘कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल?’ असा एक रकाना ठेवावा. स्वागतकक्षातल्या मदतनीसाला तो रकाना वाचायला शिकवावे, कारण अपमान बहुधा बाहेरच्या बाकावरच होतो. स्वमग्न मुले प्रौढ होऊ लागली की, लस आणि वजनाबरोबर त्यांच्या मनाचीही विचारपूस सुरू ठेवावी. आणि ‘‘डॉक्टर, हे ऑटिझममुळेच ना?’’ असा प्रश्न आला, तर थोडे थांबून म्हणावे : ‘‘तुमच्या लेकराला ऑटिझम आहे, हे खरं. ते स्वतःबद्दल जे सांगतंय, तेही खरं असू शकतं. आधी आपण ते नीट ऐकून घेऊ.’’